रोग्याची वाटखर्ची

घरात कोणास मोठा आजार झाला म्हणजे आप्तेष्ट जमतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो असा : "डॉक्टर कोण?" दुसरा असा : "खर्च किती सांगितला?" या दुसऱ्या प्रश्नात खर्च म्हणजे शस्त्रक्रियेचा, औषधांचा आणि खोलीच्या भाड्याचा, असे सर्वजण गृहीत धरतात. रोग्याच्या गावापासून तो डॉक्टर किती दूर आहे, तेथवर जाण्यास काय पडते, गेल्यावर उतरावयाचे कोठे, दोन वेळचे जेवण कोठून आणावयाचे, सोबत गेलेल्या माणसाची मजुरी बुडते ती कोण भरून देणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. शहरात राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस हे प्रश्न सुचण्याचे कारणही नसते, कारण त्यांचा तज्ज्ञ डॉक्टर दोनचार मैलांच्या आतच असतो. परंतु ज्यांचे गाव रत्नागिरीच्या एका कोपऱ्यात, मेळघाटात किंवा बिहारच्या एखाद्या जिल्ह्यात आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न सर्वांच्या आधी उभा राहतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, औषध आज पुष्कळ ठिकाणी गरिबास फुकट मिळू लागले आहे, पण वाट अजून फुकट झालेली नाही. आणि कित्येक रोगी औषधावाचून नव्हे, तर वाटखर्चीवाचून उपचार अर्धवट टाकून घरी जातात. या गोष्टीकडे एकत्र कुटुंबांतील कर्त्या स्त्रीपुरुषांचे लक्ष वेधावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहोत.

मोठ्या आजारासाठी दूर जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मिरजेस डॉक्टर वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ साली उघडले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातून व कर्नाटकातून आगगाडीने रोगी तेथे येऊ लागले. धनवानांसही ही पायपीट चुकलेली नव्हती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांस रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली विलायतेत, वेल्समध्ये, त्यांचा अंत झाला. त्या दुःखातूनच पुढे टाटांच्या न्यासाने मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी कर्करोगाचे रुग्णालय उघडले. ज्या उपचारासाठी श्रीमंतांस सातासमुद्रांपलीकडे जावे लागत असे, तो परळास मिळू लागला, ही केवढी तरी मोठी गोष्ट झाली. परंतु परळ हे मुंबईकरास जवळ असले तरी साऱ्या हिंदुस्थानास जवळ नाही. त्या रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर वळकटी, पाण्याची बाटली आणि तपासण्यांच्या कागदांची पिशवी उशाशी घेऊन निजलेली परप्रांतीय कुटुंबे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

मग प्रत्येक जिल्ह्यात असे रुग्णालय का नसावे, असे कोणी विचारील. हा प्रश्न योग्य आहे आणि त्या दिशेने काही कामही झाले आहे. टाटा स्मारक केंद्राने पंजाबात संगरूर येथे, तसेच वाराणसीस रुग्णालये चालविली आहेत, गुवाहाटीच्या जुन्या कर्करोग संस्थेचा भार आपल्याकडे घेतला आहे, आणि चंदीगडजवळ मुल्लांपूर येथील रुग्णालय २०२२ साली सुरू झाले. तथापि किरणोपचाराचे यंत्र फार मोलाचे असते. ते चालविण्यास डॉक्टर तर लागतातच, पण किरणांची मात्रा बेतणारे भौतिकशास्त्रज्ञ व शिकलेले तंत्रज्ञही लागतात. अवघड शस्त्रक्रियेत हात बसावयास तशी शस्त्रक्रिया वरचेवर करावी लागते, आणि वरचेवर करावयाची तर रोगी एका ठिकाणी यावे लागतात. म्हणून काही उपचार थोड्या ठिकाणीच राहणार आणि रोग्यास तेथे जावेच लागणार, हे धरून चालले पाहिजे. पंजाबच्या माळवा भागातून बिकानेरला जाणाऱ्या एका साध्या गाडीस लोकांनी 'कॅन्सर ट्रेन' असे नाव ठेविले, ते तीत बसणाऱ्या रोग्यांच्या गर्दीवरूनच. ज्या गाडीस लोक रोगाचे नाव देतात, तिच्यातील उतारूंचे तिकीट हाही औषधाचाच भाग मानला पाहिजे.

पूर्वी या वाटखर्चीची एक व्यवस्था आपल्या समाजात आपोआप होती. तिला कोणी योजना म्हणत नसे. ती म्हणजे गिरगाव-दादरच्या चाळींतील बिऱ्हाडे. कोकणातून, देशावरून कोणी आजारी माणूस मुंबईस निघाले म्हणजे ते सरळ आप्ताच्या खोलीवर येऊन उतरे. दोन खोल्यांत नऊ माणसे असली तरी दहावे व अकरावे मावत असे. घरातील एखादा मुलगा रोग्यास रुग्णालयात घेऊन जाई, गृहिणी पथ्याचे पाणी वेगळे ठेवी आणि शेजारीण आपल्या घरचा भात-मऊ आणून देई. महिना-दोन महिने असा मुक्काम होई व त्याचा हिशेब कोणी लिहीत नसे. ज्यांस शहरात आप्त नव्हते त्यांच्यासाठी संत गाडगे महाराजांसारख्यांनी (१८७६–१९५६) धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी बांधल्या, तशा मुंबईतही उभ्या राहिल्या. त्यांच्या नावाने दादर येथे चाललेल्या धर्मशाळेत कर्करोगाचे रोगी व त्यांचे सोबती अल्प खर्चात राहतात. यात्रेकरूस निवारा देणाऱ्या पुण्यकर्माचा ओघ रोग्याकडे वळविणे, हे आम्हांस त्या परंपरेचे फार शहाणपणाचे पाऊल वाटते.

आज चाळी गेल्या, बिऱ्हाडे लहान झाली, नवराबायको दोघेही कामावर जाऊ लागली. उपचारांचे स्वरूपही बदलले. औषधांनी ज्याची रोगप्रतिकारशक्ती खाली गेली आहे अशा माणसास शाळकरी मुले, सर्दी-खोकला व दाटी यांच्यात ठेवू नये, असे डॉक्टरच सांगतात. म्हणजे मन मोठे असले तरी जागा व वैद्यकशास्त्र दोन्ही आड येतात. जुनी व्यवस्था गेली आहे; तिच्या जागी काय आले, हे पाहण्याचा प्रसंग आमच्याच घरी आला, तो सांगतो.

राजापूर तालुक्यात आमचे मूळ घर आहे. आम्ही सारे मुंबईस आल्यापासून त्या घराची राखण शेजारचे एक कुटुंब करते. देवाजवळ दिवा लावणे, पावसाळ्यापूर्वी कौले पाहणे, फणस-आंब्यांची निगा राखणे, हे सारे त्या घरची बाई पाहत असे. तिला आमच्या घरात सर्वजण ताई म्हणतात. काही वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निघाले. मुंबईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढे एकवीस-एकवीस दिवसांनी अशा आठ वेळा शिरेतून औषध, आणि त्यानंतर तीन आठवडे किरणोपचार, असे ठरले. सरकारी आरोग्य योजनेत तिचे नाव बसले आणि रुग्णालयाचे देणे जवळजवळ सर्व त्या योजनेतून भागले. सर्वांनी समाधानाचा निःश्वास टाकिला. परंतु आमच्या घरची वही आमची काकू लिहिते, आणि काकू ही पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या जुन्या पिढीतील गृहिणी आहे. तिने ताईच्या आजाराचे एक पान वेगळे काढले होते.

त्या पानावरील रकाने पाहण्यासारखे होते. गावापासून स्टेशनापर्यंतची रिक्षा हा पहिला. राजापूर रोड स्टेशन हे राजापूर गावापासून बरेच आत आहे, आणि ताईचे घर तर त्याहूनही आडवळणाला. औषध घेतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वांत्या होत असता एस.टी.ने जाणे तिला शक्य नव्हते. रिक्षाच करावी लागे. आगगाडीचे भाडे हा रकाना सर्वांत लहान होता. तो का, ते पुढे सांगू. दादरला उतरल्यावर टॅक्सी. तपासणीच्या दिवशी पहाटेपासून सायंकाळपर्यंत रांगेत बसलेल्या सोबत्याचे खाणे. योजनेत न बसणारी किरकोळ औषधे व पट्ट्या. धर्मशाळेचे नाममात्र भाडे. कारण पहिल्या औषधानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ताईस घरातून तेथे हलविले होते, आणि डबा मात्र आमच्याकडून जात असे. आणि शेवटचा, सर्वांहून मोठा रकाना काकूने 'बुडाले' या नावाने लिहिला होता. ताईचा मुलगा मासेमारीच्या बोटीवर जातो; तिच्याबरोबर तो मुंबईस आला की तितक्या दिवसांचा वाटा गेला. तिच्या यजमानांस मुंबईची माहिती नाही, म्हणून मुलासच यावे लागे. आठ वेळा येणे, आठ वेळा जाणे, माणसे दोन : म्हणजे केवळ औषधापायी बत्तीस तिकिटे, आणि प्रत्येक खेपेस चारपाच दिवस कामाचे गेलेले.

पाचव्या औषधानंतर सहाव्याच्या तारखेस ताई आली नाही. मुलाने दूरध्वनीवर एवढेच सांगितले की, आईला आता बरे वाटते. काकूने ताईलाच बोलावून घेतले. ती प्रथम म्हणाली, "वहिनी, गाठ तर काढली ना? आता कशाला पुन्हा पुन्हा?" पुष्कळ वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. दुभती म्हैस विकली होती, आणि बोटीच्या मालकाने मुलाच्या जागी दुसरा माणूस घेण्याची भाषा केली होती. "औषधाला पैसे मागताना लाज नाही वाटत हो, वहिनी. पण रिक्षाला आणि चहाला कोणाकडे मागायचे?" असे ती म्हणाली.

ताईच्या या एका वाक्यात सारा प्रश्न आला आहे. शस्त्रक्रियेसाठी मदत मागणाऱ्यास समाज सहानुभूतीने पाहतो. तिचे अंदाजपत्रक असते, त्यावर डॉक्टरांची सही असते, वर्तमानपत्रात आवाहन करता येते. रिक्षाच्या भाड्याचे अंदाजपत्रक कोणी करून देत नाही. तो खर्च लहान लहान तुकड्यांनी होतो, प्रत्येक तुकडा मागावयास क्षुल्लक वाटतो, आणि सर्व मिळून घरातील म्हैस विकली जाते. आधी मानी माणूस गप्प बसतो, मग तारीख चुकते, आणि चुकलेल्या तारखेचे मोल रोग वसूल करतो. कारण हे औषध ठरलेल्या अंतराने व ठरलेल्या संख्येने दिले तरच त्याचा पुरता गुण येतो.

त्या वेळी आम्ही एका धर्मादाय न्यासाकडे अर्ज केला होता. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, डॉक्टरांचे पत्र, सर्व जोडले होते. न्यासाने मदत मंजूर केली, पण ती उपचार संपत आल्यावर, आणि धनादेश रुग्णालयाच्या नावाचा. रुग्णालयाचे देणे योजनेने आधीच भागविलेले असल्यामुळे त्या धनादेशाचा उपयोग झाला नाही व तो परत गेला. न्यासाच्या चालकांच्या हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. अफरातफर होऊ नये म्हणूनच पैसा रुग्णालयास देण्याची रीत पडली आहे. परंतु त्या रीतीमुळे रोग्याची जी गरज आधीच भागली होती तिच्यासाठी पैसा आला, आणि जी भागली नव्हती तिच्यासाठी आला नाही.

काकूने मग आपल्यापुरता मार्ग काढला. आमच्या इमारतीतील चार घरांत तिने बोलणे केले. प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधी रिक्षाचे व वरखर्चाचे पैसे ताईच्या मुलाच्या खात्यात जमा होऊ लागले. शेजारची एक मुलगी रुग्णालयात ताईबरोबर बसू लागली, म्हणून मुलाने आईस दादरला पोचवून रात्रीच्या गाडीने परत जावे असे ठरले. त्याची बोट टिकली. उरलेली तीन औषधे व किरणोपचार पुरे झाले. ताई आता नेमाने तपासणीस येते आणि येताना कोकमे आणते. चार घरांनी मिळून जे दिले ते एखाद्या वाढदिवसाच्या जेवणावळीहून अधिक नव्हते. पण ते आगाऊ दिले आणि मागावयास न लावता दिले, यात त्याचे सारे मोल होते.

आता आज कोणती मदत मिळू शकते, ते वाचकांच्या उपयोगासाठी सांगतो. कारण पुष्कळ मदत माहितीअभावी फुकट जाते.

पहिली रेल्वेची. कर्करोगाचा रोगी उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयात जात असेल, तर शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गांत त्याचे मूळ भाडे पूर्ण माफ असते, आणि सोबतच्या एका माणसास त्याच वर्गांत ७५ टक्के सूट मिळते. हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचे रोपण किंवा डायलिसिस, तसेच थॅलेसेमिया यांसाठी जाणाऱ्या रोग्यास व त्याच्या सोबत्यास त्या वर्गांत ७५ टक्के सूट असते. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांच्या व इतर पुष्कळ सवलती थांबविल्या, तेव्हाही रोग्यांच्या सवलती चालू ठेविल्या, हे तिच्या श्रेयाचे आहे. काकूच्या वहीत रेल्वेचा रकाना लहान होता तो यामुळेच. मात्र यासाठी ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यावे लागते आणि तिकीट स्टेशनाच्या आरक्षण-खिडकीवर काढावे लागते. पहिल्या खेपेस हे प्रमाणपत्र बहुधा हाती नसते, म्हणून पहिला प्रवास पूर्ण भाड्यानेच होतो. पुढील तारीख मिळाल्याबरोबर, घरी जाण्यापूर्वीच, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकास भेटून तो कागद घ्यावा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एस.टी.तही कर्करोगाच्या रोग्यांस सवलत आहे. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात सर्व स्त्रियांस एस.टी.चे भाडे अर्धे झाले, त्याचा लाभ रोगी स्त्रीस व तिच्याबरोबर जाणाऱ्या लेकीसुनेसही होतो.

दुसरी मदत उपचाराची. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत जी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तीत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. राज्य शासनानेही २०२३ साली आपल्या योजनेची मर्यादा ५ लाख करण्याचा आणि ती सर्व कुटुंबांस लागू करण्याचा निर्णय केला. हे सर्व मोठे काम आहे. पण वाटखर्चीचा विचार त्यांत किती आहे, ते पाहा. महाराष्ट्राच्या योजनेच्या मूळ नियमांत एक छोटीशी तरतूद होती : उपचार झाल्यावर रुग्णालयातून घरी जाण्याचे एस.टी.चे किंवा दुसऱ्या वर्गाचे रेल्वेभाडे, एकदाच, आणि तेही रोग्यापुरतेच. येण्याचे नाही, सोबत्याचे नाही. त्यापूर्वी २००८ साली केंद्राने काढलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत प्रत्येक भरतीस १०० रुपये, वर्षाकाठी १,००० रुपयांपर्यंत, प्रवासासाठी ठेविले होते. रक्कम अल्प होती, पण प्रवास हा आजाराचाच खर्च आहे हे तत्त्व तीत मान्य झाले होते. क्षयरोगाच्या कार्यक्रमातही आदिवासी भागांतील रोग्यास प्रवासासाठी एकवेळ ७५० रुपये देण्याची तरतूद याच तत्त्वावर झाली. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, जो जानेवारी १९४८ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी निघाला व पुढे हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंडरोपण, कर्करोग यांसाठीही साहाय्य देऊ लागला, तोदेखील पैसा रुग्णालयासच देतो.

या बाबतीत कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताची रीत विचार करण्यासारखी आहे. त्या प्रांताच्या विरळ वस्तीच्या उत्तर भागात राहणाऱ्यास तज्ज्ञाकडे जाण्यासाठी एका दिशेने १०० किलोमीटरांहून अधिक जावे लागले, तर त्यास प्रवासाचा भत्ता मिळतो. त्यात दया दाखविण्याचा भाग नाही; अंतर मोजले की हक्क सिद्ध होतो. रोगी गरीब आहे हे त्याने सिद्ध करीत बसण्यापेक्षा रुग्णालय दूर आहे हे नकाशानेच सिद्ध करावे, ही कल्पना आम्हांस फार सुसंस्कृत वाटते. आपल्याकडे लोकसंख्या मोठी व तिजोरी लहान हे खरे. परंतु जी आरोग्य योजना एकेका रोग्यामागे लाखांपर्यंत खर्च करण्यास तयार असते, तिने त्या उपचारास रोगी पोचावा म्हणून काहीशे रुपये खर्चू नयेत, यात काटकसर नाही. अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराचा पहिला अर्धा भागही पुष्कळदा वाया जातो.

डॉक्टरांनीही नकळत या कामी हातभार लावला आहे, तो सांगितला पाहिजे. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार पूर्वी बहुधा पाच आठवडे, पंचवीस बैठकींत देत असत. दीर्घ अभ्यासानंतर असे आढळले की, पुष्कळ रोग्यांत मात्रा थोडी वाढवून पंधरा बैठकींत, तीन आठवड्यांत, तोच गुण मिळतो. शहरातील रोग्यास यामुळे दहा फेऱ्या वाचल्या. परगावच्या रोग्यास मात्र दोन आठवड्यांचे भाडे, जेवण आणि सोबत्याची मजुरी वाचली. शास्त्र कधी कधी अशा आडवाटेनेही गरिबास द्रव्यसाहाय्य करते.

निवाऱ्याची सोय करणाऱ्या संस्था मुंबईत आहेत. गाडगे महाराजांच्या नावची धर्मशाळा वर आलीच आहे. परळच्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन बाहेरगावच्या रोग्यांस व सोबत्यांस राहण्याची जागा देते. सेंट ज्यूड या संस्थेने २००६ पासून कर्करोग झालेल्या मुलांस आईबापांसह, उपचार चालेपर्यंत, विनामूल्य ठेवून घेण्याचा उपक्रम चालविला आहे. आईबापे थकून मुलाचा उपचार मध्येच सोडून गावी परततात, तो प्रकार थांबावा, हाच त्यामागील मुख्य विचार आहे. या संस्थांच्या दारी येणारे रोगी जागांहून नेहमीच अधिक असतात.

आता आक्षेपांचा विचार करू. "रोख पैसा दिला तर तो औषधाव्यतिरिक्त खर्च होईल," असे कित्येक दाते म्हणतात. होय, तो औषधाव्यतिरिक्तच खर्च व्हावयाचा आहे. त्यासाठीच तो द्यावयाचा. दहापैकी एखादा लबाड निघेल हेही खरे. पण रोग्याच्या हाती तारखेचा कागद असतो. त्या तारखेस तो आला की नाही हे विचारून पाहता येते, आणि एका खेपेचे पैसे दिल्यावर दुसऱ्या खेपेचे ती तारीख पाळल्यावर द्यावेत, एवढी सावधगिरी पुरे. दुसरा आक्षेप असा की, हे सरकारचे काम आहे. आम्हांसही तसेच वाटते आणि वर तसे लिहिलेही आहे. परंतु सरकारचा नियम होईपर्यंत ताईसारख्यांच्या एकवीस दिवसांच्या तारखा थांबून राहत नाहीत.

एकत्र कुटुंबास हे काम एकट्यादुकट्यापेक्षा अधिक चांगले करता येते, असे आमचे मत आहे. कारण येथे केवळ पैसा लागत नाही, तर वेळ, पाय आणि स्वयंपाकघर ही तीनही लागतात, आणि मोठ्या घरात ती वेगवेगळ्या माणसांजवळ असतात. निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्यांनी रोग्याबरोबर खिडकीवर जाऊन सवलतीचे तिकीट काढून द्यावे; अर्ज लिहिणे, दाखल्यांच्या प्रती काढणे हे त्यांच्याइतके कोणास साधणार नाही. गृहिणींनी आठवड्यातून एक वार ठरवून जवळच्या धर्मशाळेत एक डबा पाठवावा, आणि तो तिखटाशिवाय व ताजा असावा. मुलांनी रांगेत बसावे; त्यांस तेथे जे शिकावयास मिळेल ते शाळेत मिळत नाही. आणि घराच्या जमाखर्चाच्या वहीत, देवधर्म, वर्गणी, लग्नमुंजीचे आहेर यांच्या शेजारी 'वाटखर्ची' असा एक रकाना असावा. त्यात महिन्यास काय पडेल ते ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. मात्र जे ठरेल ते दर महिन्यास पडावे, म्हणजे प्रसंग आला की कोणास विचारीत बसावे लागत नाही.

हे पैसे देताना तीन गोष्टी पाळाव्यात. पैसे तारखेच्या आधी पोचवावेत, कारण गाडी सुटून गेल्यावर आलेल्या भाड्याने प्रवास होत नाही. ते मागावयास लावू नयेत, "रिक्षाचे काय केले?" असे आपणच विचारावे, म्हणजे मानी माणसाची मान खाली जात नाही. आणि सोबत्यास विसरू नये. आपण रोग्यापुढे फळे ठेवतो, पण सकाळपासून उपाशी बसलेल्या त्याच्या मुलास जेवलास का म्हणून विचारीत नाही. वस्तुतः तो मुलगा थकला तर रोगी उद्या येथवर पोचणार नाही.

आपल्याकडे प्रवासास निघालेल्या माणसाच्या हाती दशम्या बांधून देण्याची रीत फार जुनी आहे. वाटेत त्याचे हाल होऊ नयेत, एवढाच तिचा अर्थ. रोगी जो प्रवास करतो तो सर्वांत कठीण असून त्याच्याच हाती मात्र आपण रिकामी पिशवी देतो, हे शोभणारे नाही. बरे करणे परमेश्वराच्या व डॉक्टरांच्या हाती आहे. पण डॉक्टरांच्या दारापर्यंत रोग्यास ठरल्या तारखेस पोचविणे, हे तुमच्याआमच्या हातचे आहे.